डोंगर कोणाचा, दगड कोणाचा?



गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांजवळ आपल्या युवकांनी टेबल मांडले होते. तुंगारेश्वर डोंगराच्या पायथ्याशी नवी दगडखाण सुरू करण्याचा प्रस्ताव आहे असे कळल्यापासून आपल्याकडे त्याचीच चर्चा आहे. त्या प्रस्तावाला विरोध करणाऱ्या निवेदनावर सह्या घेणे चालू होते. बहुतेकांनी घरी निघता निघता सही केली. काहींनी निवेदन वाचून केली, काहींनी न वाचताच. एका ज्येष्ठ धर्मग्रामस्थांनी मात्र दोन्ही पाने शांतपणे वाचली, पेन टेबलावर ठेवले आणि विचारले, "पोरांनो, सही करतो. पण आधी एवढं सांगा, आपला हा हॉल बांधला तेव्हा खडी कुठून आणली होती?"

टेबलापाशी कोणालाच उत्तर देता आले नाही. एकाने म्हटले, "काका, ते कंत्राटदाराला माहीत असेल." काका हसले. "कंत्राटदाराला माहीत आहे आणि आपल्याला नाही, इथेच तर सगळं अडतं," म्हणाले आणि सही न करताच निघून गेले.

काही जणांना त्यांचे बोलणे आवडले नाही. चांगल्या कामात खोडा कशाला, असेही कोणी म्हणाले. आम्हाला मात्र वाटते की तो प्रश्न खोडा घालण्यासाठी विचारलेला नव्हता. काकांनी तरुणपणी गवंडीकाम केले आहे. दगडाची किंमत त्यांच्या हातांना ठाऊक आहे. म्हणून या रविवारी खाणीला विरोध का करावा याबरोबरच, विरोध करण्याचा आपल्याला अधिकार आहे का, यावरही थोडा विचार करू या.

आपण सगळे दगडातच राहतो

प्रथम कबुली. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात डोंगर आहे. पायात आहे, स्लॅबमध्ये आहे, अंगणातल्या कोब्यात आहे. ज्या रस्त्याने आपण मिस्सेला येतो तो खडीचा आहे, ज्या लोकलने कामाला जातो तिच्या रुळांखाली खडी आहे. आपल्या पूर्वजांनी विहिरी बांधल्या त्या दगडाने, आणि पोर्तुगीजांनी वसईचा किल्ला उभारला तोही दगडानेच. पूर्वी सिमेंटमध्ये घालायला खाडीची रेती मिळत असे. रेतीच्या उपशावर निर्बंध आल्यावर दगड दळून केलेली क्रश सॅंड आली. म्हणजे आता खडीही डोंगराची आणि वाळूही डोंगराचीच.

त्यामुळे 'खाण हे पाप आहे' असे सरसकट म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या घराच्या भिंतीकडे पाहावे. काकांचा प्रश्न तिथेच बोट ठेवतो. दगड वापरायचा आणि खाणीला नाव ठेवायचे, हा दुटप्पीपणा आहे. त्याहून वाईट म्हणजे, 'आमच्या डोंगरावर नको, दुसऱ्याच्या डोंगरावर चालेल' हा स्वार्थ आहे आणि त्याला निसर्गप्रेम म्हणता येत नाही.

मग विरोध कशाच्या आधारावर करायचा? आम्हाला वाटते, दगड काढणे चूक आहे का, हा खरा प्रश्न नाही. कोठून काढतो, कोणाला विचारून काढतो आणि किती काढतो, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

कोठून?

आपल्या पूर्वेला दिसणारा तुंगारेश्वर हा नुसता दगडांचा ढीग नाही. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे जंगल २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचा नागला हा भाग वसई खाडीच्या अलीकडे, आपल्याच बाजूला आहे. ईशान्येला तानसा अभयारण्य आहे. तुंगारेश्वर या दोघांच्या मधला दुवा आहे. बिबट्याला एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायचे तर वाट इथूनच जाते. महामार्ग, रेल्वे आणि गोदामांनी ही वाट आधीच अरुंद केली आहे.

पावसाळ्यात या डोंगरावरून किती ओढे उतरतात ते चिंचोटीच्या धबधब्यावर गेलेल्यांना सांगायला नको. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा काही भाग ज्या पेल्हार धरणातून येतो ते याच डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगरावर झाडे आणि माती असली की पाऊस थांबत थांबत खाली येतो. उघड्या कातळावरून तो धावत येतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले होते, रेल्वे बंद पडली होती, दिवसचे दिवस वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. त्या पुराची कारणे अनेक होती. त्यांतले एक आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पाणी पसरण्याच्या सखल जागा आणि मिठागरे भरावाखाली जात होती, आणि भरावाची माती व मुरूम कोठल्या ना कोठल्या टेकडीतूनच येत होता. डोंगर पोखरायचा आणि त्याच डोंगराने पाण्याची जागा बुजवायची, असे नुकसान दोन्हीकडून होते.

खाण कशी चालते हेही नीट समजून घेऊ या, कारण शहरात राहणाऱ्यांना दिसते ती फक्त ताडपत्री टाकलेली गाडी. आधी झाडे आणि वरची माती काढतात. मग कातळात भोके पाडून सुरुंग लावतात. फुटलेला दगड क्रशरमध्ये जातो आणि त्याची वेगवेगळ्या मापाची खडी होते. उरते ती बारीक धूळ. ती पानांवर, भाजीवर, पाण्याच्या हंड्यावर आणि माणसांच्या छातीत बसते. सुरुंगांच्या हादऱ्याने जवळच्या घरांच्या भिंतींना तडे जातात. रात्रंदिवस डंपर धावतात, आणि त्यांच्या वाटेवर शाळेत जाणारी मुलेही असतात. दगड संपला की खाण सोडून देतात. मोठा खड्डा राहतो. पावसात तो भरतो, आणि अशा खड्ड्यांत पोहायला गेलेली किती मुले घरी परत आली नाहीत, याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

आपल्या भागातला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या ज्वालामुखींच्या लाव्हारसातून घडत गेला. त्यावर माती साठायला, मातीत रान उभे राहायला हजारो वर्षे लागली. खाणीचा परवाना असतो मोजक्या वर्षांचा, आणि सरकारला मिळणारे स्वामित्वधन मोजले जाते ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. त्या हिशोबात झऱ्याचा रकाना नसतो, बिबट्याच्या वाटेचा नसतो. भाताचे शेत एक वर्ष बुडाले तर पुढल्या वर्षी पिकते. केळीची वाडी वादळात आडवी झाली तरी पुन्हा लावता येते. फोडलेला डोंगर मात्र कोणालाच परत उभा करता येत नाही. जे परत देता येत नाही ते घेताना हात थरथरला पाहिजे, एवढे तरी आपल्याला मान्य व्हावे.

कायदा काय म्हणतो आणि काय म्हणत नाही

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने तुंगारेश्वर अभयारण्याभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. अशा क्षेत्रात व्यावसायिक दगडखाणी आणि क्रशर यांना मनाई असते. स्थानिक रहिवाशाला स्वतःच्या घरासाठी माती-दगड काढण्याची सवलत असते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या आत, तसेच त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत, खाणकाम करता येणार नाही.

मग काळजी कशाची? काळजी अशी की संवेदनशील क्षेत्राची रुंदी सगळीकडे सारखी नसते. प्रस्तावित जागा रेषेच्या जरा पलीकडे आहे असे सांगितले जाते. तसे असेल तर कागदावर कदाचित सारे ठीक ठरेल. पण सुरुंगाचा आवाज रेषेशी थांबत नाही. धूळ नकाशा पाहून उडत नाही. जमिनीखालचे पाणी सर्व्हे नंबर ओळखत नाही. कायदेशीर आहे म्हणून योग्य आहे, असे आपण आपल्या घरातल्या मुलांनाही शिकवत नाही. कायदा किमान मर्यादा सांगतो. त्यापुढे सदसद्विवेकाचे काम सुरू होते.

कोणाला विचारून?

जुन्या करारातील नाबोथाची गोष्ट आपण मिस्सेत ऐकली आहे (१ राजे, अध्याय २१). अहाब राजाच्या वाड्याशेजारी नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने वाईट बोली केली नव्हती. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाही तर पैसे देतो, असे तो म्हणाला. आजच्या भाषेत सांगायचे तर भाव बाजाराहून चांगला होता. तरीही नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची ठेव होती आणि ती विकणे आपल्या एकट्याच्या हातात आहे असे तो मानत नव्हता. पुढे ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार करून ठार केले आणि मळा राजाला मिळवून दिला.

ही गोष्ट आपण सहसा राजाच्या लोभाची म्हणून सांगतो. ती नकाराच्या अधिकाराचीही आहे. 'नाही' म्हणण्याची मोकळीक नसेल तर 'हो'ला काही किंमत उरत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी राहणारे आपले वारली, मल्हार कोळी आणि कातकरी बांधव हे आजचे नाबोथ आहेत. त्यांच्यासाठी हा डोंगर सरपणाचा, रानभाज्यांचा, औषधी मुळ्यांचा आणि देवाचा आहे. वारली वाघोबाला मानतात. हजारो हिंदू बांधव श्रावणात आणि महाशिवरात्रीला तुंगारेश्वराच्या दर्शनाला जातात. हा डोंगर आपल्या एकट्याचा नाही, त्यामुळे या लढ्यात पुढारपण करण्याची हौसही आपण धरू नये. आधी त्यांच्याकडे जाऊन त्यांचे ऐकावे. खडी जाते पश्चिमेच्या इमारतींना आणि धूळ राहते पूर्वेच्या पाड्यांवर, हा व्यवहार कितीही नियमात बसला तरी न्यायाचा नाही.

विचारण्याची सोय कायद्यातही आहे. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जिथे जनसुनावणी लागते तिथे तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो, आणि लोकांनी काय म्हटले ते नोंदवून त्याच ठिकाणी वाचून दाखवावे लागते. लहान खाणींना पुष्कळदा या सुनावणीतून सूट मिळते. त्यामुळे प्रस्तावाचे क्षेत्र किती हेक्टर आहे, शेजारी आणखी खाणी आहेत का, हे आधी विचारून घेणे गरजेचे आहे. निवेदनात ही माहिती मागितली आहे. सही करताना तेवढा परिच्छेद तरी वाचावा.

आणि ज्यांना कोणीच विचारत नाही असे आणखी काही जण आहेत. ते अजून जन्मलेले नाहीत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच विचार मांडला की पृथ्वी आपल्याला आधीच्या पिढीकडून मिळाली आहे आणि ती पुढच्या पिढीचीही आहे, म्हणून त्यांच्याशी न्यायाने वागणे हा दयेचा नसून कर्तव्याचा भाग आहे. आपल्या वसईला हे नवे नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली तेव्हा आज चाळिशीत असलेले आपले धर्मग्रामस्थ शाळेत होते किंवा पाळण्यात होते. विहिरी उपसून टँकर भरले जात होते, बावखले बुजत होती. त्या वेळी कोणी तरी 'नाही' म्हटले म्हणून आज काही वाड्या, काही बावखले उरली आहेत. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये आपल्याला सोडून गेले. आता 'नाही' म्हणण्याची पाळी आपली आहे.

आपल्याच बाकावर बसणारे

याबाबत एक अवघड गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. आपल्या धर्मग्रामात डंपर चालवणारी कुटुंबे आहेत. बांधकामाचा व्यवसाय करणारे आहेत. कर्ज काढून गाडी घेतलेला तरुण आहे. तो याच चर्चमध्ये, आपल्याच शेजारच्या बाकावर बसतो. गेल्या आठवड्यात त्याच्याकडे पाहून कोणी तरी टोमणा मारला, असे आमच्या कानावर आले. हे बरोबर झाले नाही. शांतीचे चिन्ह देताना ज्याचा हात हातात घेतो त्याला बाहेर आल्यावर डोंगराचा वैरी म्हणणे आपल्याला शोभत नाही.

खाणीवर दगड फोडणारे मजूर तर आपल्याहून कितीतरी गरीब आहेत. त्यांच्याकडून पोट भरण्याचे साधन काढून घेताना आपण पर्याय काय देतो, हाही प्रश्न आहे. पण त्याचबरोबर हेही खरे आहे की खाणीची सर्वात जास्त धूळ त्यांच्याच छातीत जाते आणि खाण संपल्यावर सर्वात आधी तेच रस्त्यावर येतात. गरिबाला रोजगार मिळतो हे कारण श्रीमंताच्या नफ्यासाठी पुढे केले जात असेल तर ते ओळखता आले पाहिजे. आपला विरोध एका जागेला आहे, एका पद्धतीला आहे. माणसांना नाही.

किती? आणि आपली किंमत

आता पुन्हा काकांच्या प्रश्नाकडे. 'इथे नको' म्हणणाऱ्याने 'मग कोठे?' याचे उत्तर द्यायला हवे. निम्मे उत्तर असे की जंगलापासून आणि वस्तीपासून दूर, नियम पाळून चालणाऱ्या खाणीतला दगड घ्यावा, मग तो थोडा महाग पडला तरी. उरलेले निम्मे उत्तर जास्त अवघड आहे, ते म्हणजे कमी घ्यावा.

जुन्या इमारती पाडल्यावर निघणाऱ्या राडारोड्यातून खडी आणि ब्लॉक तयार करता येतात. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनीच सरकारी व पालिकेच्या कामांत असा माल १० ते २० टक्के वापरावा असे सांगितले होते. आपल्या भागात रोज इमारती पडत आहेत आणि त्यांचा राडारोडा खाडीकाठी, कांदळवनात टाकला जात आहे. एकीकडे दगड फेकून द्यायचा आणि दुसरीकडे नवा डोंगर फोडायचा, याला शहाणपण म्हणत नाहीत.

सुरुवात आपल्या घरापासून करता येईल. डागडुजीने भागत असेल तर धडधाकट घर पाडू नये. अख्खे अंगण फरशीखाली घालू नये. पावसाला मुरायला थोडी माती ठेवावी. शेजाऱ्याची भिंत उंच झाली म्हणून आपली आणखी उंच करू नये.

आणि सुरुवात चर्चपासूनही करता येईल. सणाच्या आधी चर्चच्या आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवण्याचा विचार चालू आहे हे आपल्याला माहीत आहे. चिखल होतो, वृद्धांचे पाय घसरतात, ही अडचण खरी आहे. पण चालण्यापुरती वाट करून उरलेली जमीन आणि तिच्यावरची आंब्या-फणसाची झाडे तशीच ठेवता येतील का? त्या वाटेसाठी राडारोड्यातून केलेले ब्लॉक मिळतात का? आमची विनंती आहे की पुढच्या सभेत हा विषय घ्यावा. डोंगरासाठी सही करणाऱ्या धर्मग्रामाने आवारासाठीही थोडा त्याग करावा. ज्या नकारासाठी आपल्याला काहीच सोडावे लागत नाही त्या नकाराची किंमत दुसरेच कोणी तरी भरत असते.

देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मशागत म्हणजे वापर, राखण म्हणजे मर्यादा. दोन्ही कामे एकाच माणसाला, एकाच दिवशी दिली गेली. मशागत आपण पिढ्यानपिढ्या मन लावून केली. राखणीचे काम बाकी आहे.

या आठवड्यात

लहान ख्रिस्ती समूहांच्या सभेत पुढील प्रश्नांवर बोलावे:

१. आपले घर बांधताना किंवा दुरुस्त करताना दगड, खडी, माती कोठून आली? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

२. पूर्वेच्या पाड्यांवर आपल्या ओळखीचे कोण आहे? त्यांना या खाणीबद्दल काय वाटते?

३. डोंगर राहावा म्हणून आपले कुटुंब कोणती एक गोष्ट करायची थांबवील?

सह्यांचे टेबल आजही मिस्सेनंतर पायऱ्यांजवळ असेल. युवकांनी निवेदनाच्या शेवटी एक वाक्य वाढवले आहे: हा धर्मग्राम स्वतःच्या बांधकामांसाठी दगड कोठून येतो याची यापुढे चौकशी करील आणि शक्य तितका कमी वापरील. ज्यांनी गेल्या रविवारी सही केली त्यांनीही कृपया ते वाक्य वाचून पुन्हा सही करावी. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी सही न करता आमच्याशी बोलावे. आम्हाला त्यांचेही ऐकायचे आहे.

काकांना नवा कागद त्यांच्या घरी नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून ते शेवटचे वाक्य दोनदा वाचले आणि सही केली.